वॉर्मअपला ढोल

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी, नाशिकमध्ये झालेल्या जिल्हा डेडलिफ्ट स्पर्धेत, पन्नाशीवरील गटात माझा पहिला प्रयत्न फसला. बारवर एकशे वीस किलो होते. बार गुडघ्यांच्या थोडा वर आला, उजव्या हाताची बोटं उघडली आणि बार खाली गेला. तिन्ही पंचांनी लाल दिवा दिला.

डेडलिफ्ट समजायला सोपी आहे. जमिनीवर ठेवलेला वजनाचा बार वाकून दोन्ही हातांनी धरायचा आणि ताठ उभं राहायचं. प्रत्येकाला तीन प्रयत्न मिळतात. त्यांतला एक जरी वैध ठरला तरी नाव निकालात लागतं. तिन्ही फसले तर नावापुढे 'बाद' लिहिलं जातं. एकदा सांगितलेलं वजन पुढच्या प्रयत्नाला वाढवता येतं, कमी करता येत नाही. म्हणून शहाणी माणसं पहिल्या प्रयत्नाला हमखास उचलता येईल असं वजन सांगतात. मी एकशे वीस सांगितलं होतं. त्याचं कारण तांत्रिक नव्हतं. मी स्पर्धेत एकशे वीस उचलणार, हे आधीच छापून आलं होतं.

छापणाराही मीच होतो.

मी एका मराठी दैनिकाच्या नाशिक आवृत्तीत जिल्हा पान बघतो. तालुक्यांतून आलेल्या बातम्या वाचायच्या, त्यांतली विशेषणं काढायची आणि 'असे समजते' लिहिणाऱ्या वार्ताहराला फोन करून कोणाकडून समजते ते विचारायचं, हे माझं काम. रविवारच्या पुरवणीत कधीमधी एखादा हलकाफुलका मजकूरही लिहितो. आयुष्याचा मोठा भाग या कामात गेल्यामुळे आपण पुराव्याशिवाय काही मानत नाही, अशी माझी समजूत झाली होती. या समजुतीला पुरावा नव्हता.

जिमला जाण्याचं कारण गॅसचं सिलिंडर. दारात आलेलं भरलेलं सिलिंडर मी उचललं आणि पॅसेजमध्ये अडकलो. पुढे जाता येईना, खाली ठेवता येईना. बायको शाळेत गणित शिकवते. शाळा दुपारची, त्यामुळे ती माझ्या बऱ्याच आधीपासून सकाळी जिमला जात होती. तिने सिलिंडर माझ्या हातून काढून घेतलं, ओट्याखाली नेऊन ठेवलं आणि म्हणाली, "अहो, उद्यापासून माझ्याबरोबर चला." मी कामाच्या वेळेचं कारण सांगितलं. माझं काम दुपारी सुरू होतं, हे तिला माहीत होतं.

जिम गंगापूर रोडच्या एका गल्लीत, इमारतीच्या तळघरात आहे. मालक तेच प्रशिक्षक. वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान, पण त्यांना सगळे सर म्हणतात, मीही म्हणतो. ते मला काका म्हणतात. सकाळच्या बॅचमध्ये दोन प्रकारची माणसं असतात. काही नुकतीच उठलेली, आणि काही दिवसाचा धंदा आटोपून आलेली. दुसरी माणसं शहराच्या कडेला भाजी आणि फुलं पिकवणारी. पहाटे मार्केटला माल देऊन रिकामा टेम्पो गल्लीत लावायचा आणि खाली यायचं, असा त्यांचा क्रम. त्यामुळे आमच्या जिमला घामाबरोबर कोथिंबिरीचा वास येतो. असा वास येणारी दुसरी जिम मला माहीत नाही. शोध घेतलेला नाही.

त्यांच्यातला एक मखमलाबादकडचा, झेंडू आणि शेवंती लावणारा. माझा जोडीदार तोच. एकाने उचलायचं, दुसऱ्याने प्लेट बदलायच्या. तो माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान आणि साधारण दुप्पट ताकदीचा. मला तो भाऊ म्हणतो. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं होतं, "भाऊ, पेपरात काय करता?"

"बातम्या तपासतो."

"मंग लिव्हतंय कोण?"

"दुसरे."

"म्हंजी तुम्ही पन प्लेटाच बदलता."

तळघरात एकच स्पीकर आहे आणि तो सरांच्या फोनला जोडलेला असतो. दिवसाची सुरुवात मारुतीच्या तसबिरीला उदबत्ती आणि स्तोत्राने होते. ते संपलं की वाद सुरू होतो. तरुण पोरांना पंजाबी हवं असतं. बायकोला जुनी संथ भावगीतं हवी असतात. बॅचमधल्या बहुतेकांच्या मते ती वॉर्मअपला नव्हे, दुपारी आडवं होताना ऐकायची असतात. तिच्या पसंतीचं गाणं लागलं की कोणीतरी घोरण्याचा आवाज काढायचं. ती त्या गाण्यावर शांतपणे खांदे फिरवायची, बैठका काढायची आणि मग सत्तर किलो उचलायची. घोरण्याचा आवाज काढणाऱ्यांपैकी एकदोघांना सत्तर जमत नव्हतं. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल असं तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

सरांचं मत ठरलेलं होतं. "गाण्याने वजन हलकं होत नाही काका. माणसाला हलकं वाटतं, एवढंच. वॉर्मअपला अंग गरम झालं पाहिजे. डोकं नाही."

मी मान डोलावली होती.

गणपतीच्या आधीचे दिवस होते. नाशिकमध्ये त्या दिवसांत ढोल पथकांचा सराव सुरू होतो. मोकळा प्लॉट दिसला की तिथे ढोल उतरतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असाच एक प्लॉट आहे. एका सुटीच्या सकाळी तिथे पथक उतरलं आणि पहिला ठोका पडताच तळघर रिकामं झालं. सर, बायको, माझा जोडीदार, सगळे वर रस्त्यावर. मी उशिरा आलो होतो आणि कमरेला पट्टा बांधत होतो, म्हणून खालीच बाकावर बसून राहिलो. हवेसाठी ठेवलेल्या झरोक्यांतून ढोल आत येत होता. बराच वेळ मी काहीही केलं नाही. मग सर परत आले, त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "काका, आज बाकीचं राहू द्या. थेट डेडलिफ्टला या."

त्या दिवशी मी एकशे दहा किलो उचलले. तोपर्यंत शंभराच्या पुढे माझं कधी सरकलं नव्हतं.

एखाद्या वार्ताहराने अशी बातमी पाठवली असती तर मी त्याला विचारलं असतं, की त्या दिवशी आणखी काय वेगळं होतं? रोजचे चार व्यायाम आधी झाले होते का? माणूस दमलेला होता की ताजा? हे प्रश्न मी स्वतःला विचारले नाहीत. मला मथळा मिळाला होता. ढोलामुळे ताकद वाढते.

मथळा आवडण्याला एक जुनं कारण होतं. कॉलेजात असताना आणि नंतर काही वर्षं मी पथकात ढोल वाजवायचो. उजव्या हातात टिपरू, म्हणजे ढोल बडवायची काठी, आणि डाव्या हाताचा पंजा थापेला. नोकरीच्या वेळा बदलल्या आणि ते सुटलं. पण त्या सकाळी बाकावर बसल्याबसल्या अंगावर काटा आला होता, हे खरं आहे.

इंटरनेटवर शोधलं तेव्हा वॉर्मअपचं संगीत आणि ताकद यांवर बरंच काही सापडलं. मी मथळे वाचले. आतला मजकूर लांब होता. मथळे देण्याचंच काम करत असल्याने मला ते पुरेसे वाटले. एकदोन ठिकाणी 'परिणाम व्यक्तीनुसार बदलतो' असं लिहिलं होतं. ते मी, संपादकाच्या नजरेने, फापटपसारा म्हणून सोडून दिलं.

पथकातल्या जुन्या मित्राकडून सरावाचं ध्वनिमुद्रण मागवलं आणि बॅचपुढे प्रस्ताव ठेवला. वॉर्मअपला ढोल, रोज. जोडीदार लगेच माझ्या बाजूने आला. गावच्या पथकात तोही वाजवतो.

"सर, लावा. ढोल वाजला का म्हातारं पन उठून बसतंय."

बायको म्हणाली, "अहो, हा वॉर्मअप आहे की विसर्जन?"

"तुझ्या गाण्यांवर लोक झोपतात."

"झोपत नाहीत. दम राखून ठेवतात."

प्रस्ताव बहुमताने मंजूर झाला. विरोधात दोन मतं होती, बायकोचं आणि सरांचं. सरांनी तरीही लावलं, कारण सगळे पुढच्या महिन्यालाही आले पाहिजेत, असा त्यांचा साधा विचार असावा. याला त्यांनी दुजोरा दिलेला नाही.

पुढच्या दिवसांत तळघरात जे झालं त्याला वॉर्मअप म्हणणं कठीण आहे. नाशिकच्या माणसाला ढोल ऐकून गप्प उभं राहता येत नाही. भाजीवाल्यांतले दोघे हलके डंबेल घेऊन लेझीम खेळायचे. माझा जोडीदार टॉवेलचा ध्वज करून सगळ्यांच्या पुढे नाचायचा. इमारतीतल्या एका आजींनी वरून निरोप पाठवला, की गणपती आणला असेल तर दर्शनाला येऊ का. मी नाचत नव्हतो. माझ्या वयाला आणि पदाला ते शोभलं नसतं. मी फक्त हात चालवत होतो. बाकावर, रबरी चटईवर, रिकाम्या बारवर, काही नसेल तर स्वतःच्या मांडीवर. पाण्याची बाटली उजव्या हातात टिपरूसारखी बसायची. ठेका बरोबर पडतोय याचं मला समाधान होतं.

सप्टेंबर संपता संपता माझी पकड सुटू लागली. पाय आणि पाठ तयार, पण बार मध्येच बोटांतून घसरायचा. सरांनी त्यावर नेहमीचा उपाय केला. मनगटाला बांधून बारला गुंडाळायचे कापडी पट्टे दिले. पट्टे लावले की बोटांचं काम उरत नाही, वजन मनगटाला लटकतं. पकड सुटण्याचा प्रश्न मिटला. ती का सुटू लागली, हा प्रश्न कोणी विचारला नाही. दिवाळीनंतर एका सकाळी, ढोलाच्या भर आवाजात, पट्टे लावून मी एकशे वीस उचलले. जोडीदाराने टॉवेल फिरवला. मी घरी जाऊन मजकूर लिहायला घेतला.

तो पुरवणीत आला. ढोल ऐकून पन्नाशीतल्या माणसाचं वजन कसं वाढतं, म्हणजे उचललेलं वजन, हे त्यात सोदाहरण सांगितलं होतं. उदाहरण एकच होतं. शेवटच्या ओळीत लेखक जानेवारीतल्या जिल्हा स्पर्धेत एकशे वीस किलो उचलणार असल्याचं जाहीर केलं होतं. 'प्रयत्न करणार' असं आधी लिहिलं होतं. 'प्रयत्न' हा शब्द ढिला वाटला म्हणून काढला. पट्ट्यांचा उल्लेख जागेअभावी राहिला.

स्पर्धेत पट्टे चालत नाहीत. हे सरांनी सांगितल्यावर मी काही दिवस पट्ट्यांशिवाय सराव केला. वॉर्मअपला ढोल होताच. शंभर आले, तेही ओठ चावून. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात सर म्हणाले, "काका, पहिला प्रयत्न पंच्याण्णवचा सांगा. पंच्याण्णव वर आले की नाव लागलं. मग पुढे काय करायचं ते करू."

"एकशे वीस छापलंय हो."

"मग दुरुस्ती छापा."

"दुरुस्ती छापायला चूक सिद्ध व्हावी लागते."

"ती रविवारी होईल," बायको म्हणाली.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. नवरानवरीच्या सोनेरी खुर्च्या स्टेजच्या एका कोपऱ्यात उलट्या रचल्या होत्या आणि मधे लाकडी फळ्यांचा चौकोन केला होता. वॉर्मअपची सोय जेवणाच्या हॉलमध्ये. लांबच लांब स्टीलची टेबलं, आणि भिंतीला लागून वजनांचे ढीग. जिल्ह्यातून माणसं आली होती. पिंपळगावची पोरं एका टेम्पोतून, सटाण्याकडची दुसऱ्यातून. संयोजकांपैकी एकाने मला ओळखलं. पुरवणीतला मजकूर त्याने वाचला होता. "साहेब, स्पीकरवर काय लावू? तुमचंच लावतो," असं म्हणून तो थांबलाही नाही. जेवणाच्या हॉलमध्ये ढोल सुरू झाला. स्टीलची टेबलं त्याला चांगली साथ देत होती.

पन्नाशीवरील गटातला एक स्पर्धक सटाण्याचा होता, कांद्याचा व्यापार करणारा. ताडपत्रीवर मांडी घालून केळं खात बसला होता. कानांत कापूस. मी शेजारी जाऊन नमस्कार केला. त्याने एका कानातला कापूस काढला.

"इतला आवाज कसाले लावेल शे?"

मी म्हणालो, वॉर्मअपसाठी.

त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं, "बरं" म्हणाला आणि कापूस परत घातला. नंतर त्याने पहिल्या प्रयत्नाला एकशे चाळीस किलो, दरवाजा उघडावा तसे, उचलले.

माझ्या पहिल्या प्रयत्नाचं काय झालं ते वर आलं आहे.

खाली उतरल्यावर मी कारणमीमांसा केली. वॉर्मअप कमी पडला. हॉलच्या मागच्या टोकाला आवाज नीट पोचत नव्हता. मी स्पीकरच्या जवळचं टेबल पकडलं आणि संयोजकाला आवाज वाढवायला सांगितलं. सर आडवे आले. "काका, बसा. काही करू नका. नुसते बसा." मी बसलो. बसूनच हात चालवले. जोडीदार माझ्या वतीने प्लेट उचलायला म्हणून आला होता. तोही ठेक्यात होता, पण त्याला स्पर्धेत काही उचलायचं नव्हतं.

दुसऱ्या प्रयत्नाला बार गुडघ्यापर्यंतही आला नाही. नडगीच्या मध्यावर उजवा हात उघडला, बार तिरका झाला आणि फळ्यांवर आदळला. पुन्हा तीन लाल दिवे.

आता एकच प्रयत्न उरला होता. वजन तेच राहणार होतं. तो फसला तर संध्याकाळी निकालाच्या यादीत माझ्या नावापुढे 'बाद' येणार होतं, आणि पुरवणी वाचलेल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळणार होता. जिल्हा पान बघणाऱ्याची सुट्टी नव्हती. ती ओळ मलाच वाचून पुढे सोडावी लागणार होती. मी जेवणाच्या हॉलमध्ये परत आलो तेव्हा बायको फोन हातात घेऊन उभी होती.

"हे बघा."

तिने वॉर्मअपचं चित्रीकरण केलं होतं. पुण्याला असलेल्या मुलीला पाठवायला, गंमत म्हणून. मला वाटलं मी उचलतानाचं आहे. ते नव्हतं. पडद्यावर मी टेबलाशी बसलो होतो. चेहरा गंभीर, पाठ ताठ. उजव्या हातात पाण्याची भरलेली बाटली, आणि ती टेबलावर बडवत होतो. डावा पंजा थाप देत होता. चित्रीकरण बरंच लांब होतं. तिने ते पुढे ढकललं. मी बडवतच होतो. आणखी पुढे ढकललं. तरीही.

"काय दिसतंय?" तिने वर्गात विचारतात तसं विचारलं.

"मी."

"तुमचे हात बघा हो. बार कुठल्या हातातून सुटला?"

"उजव्या."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

जोडीदार खांद्यावरून बघत होता. "आयला भाऊ," तो म्हणाला, "तुम्ही तर इथंच रविवार कारंज्यापासून घाटापर्यंतची मिरवणूक वाजवली. आता बोटांत काय राहनार?"

सर हळूच म्हणाले, "पट्टे मी कधीपासून दिले तुम्हाला? ढोल लागल्यानंतरच ना?"

"सप्टेंबरात."

"आणि ते एकशे दहा? त्या दिवशी तर तुम्ही नुसते बसला होता."

"हातात कमरेचा पट्टा होता," मी म्हणालो. "बांधत होतो."

हॉलमध्ये ढोल चालूच होता, आणि माझा उजवा हात, एवढं सगळं समजल्यावरही, मांडीवर ठेका धरून होता. बायकोने तो मनगटाशी पकडला.

संयोजकाला ढोल बंद करायची विनंती केली. तो म्हणाला, "साहेब, आता पोरं ऐकणार नाहीत. लय रंगलीत." हे खरं होतं. पिंपळगावची पोरं टेबलाभोवती गोल करून उभी होती. बाकीच्या गटांचे प्रयत्न चालू होते, माझी पाळी यायला वेळ होता. जोडीदाराने टेम्पोची किल्ली काढली. "चला."

टेम्पो कार्यालयाच्या मागे, भांडी घासायच्या नळाजवळ उभा होता. मागे रिकामे क्रेट आणि थोडा चुरगळलेला झेंडू. त्याने मला चालकाच्या जागेवर बसवलं, काचा वर केल्या. बायको शेजारी बसली. तो बाहेर उभा राहून खिडकीतून बघत राहिला.

"हात मांडीखाली," बायको म्हणाली.

मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो. काचांमधूनही ढोल येत होता, लांबून, पण ओळखू येईल असा. ठेका बदलला की मला कळत होतं.

जोडीदाराने काचेवर टकटक केलं. मी काच थोडी खाली केली, त्यासाठी एक हात काढावा लागला.

"भाऊ, क्लच सोडा."

माझा डावा पाय क्लचवर ठेका धरत होता. मी पाय मागे घेतला.

"तू काहीतरी बोल," मी बायकोला म्हणालो. "माझं लक्ष तिकडे जातंय."

"काय बोलू?"

"काहीही. ज्यात ठेका नाही असं."

तिने फोन उघडला आणि सोसायटीच्या ग्रुपवर आलेला पाण्याच्या टाकीच्या सफाईचा निरोप वाचायला सुरुवात केली. मंगळवारी सकाळी टाकी रिकामी करण्यात येईल, तरी सर्व सभासदांनी आदल्या दिवशी आवश्यक तेवढे पाणी भरून ठेवावे. गच्चीवर वाळत घातलेले पापड व अन्य वस्तू काढून घ्याव्यात. मागील वेळी काही सभासदांनी सहकार्य न केल्यामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल. हे वाक्य तिथेच संपत होतं. "गैरसोयीबद्दल काय?" मी विचारलं. "ते लिहिलेलं नाही," ती म्हणाली आणि पुढे वाचू लागली. निरोप लांब होता. सचिवांना विशेषणांची आवड नव्हती, हे त्यांच्या बाजूने म्हणावं लागेल. पापडांवर तीन सभासदांनी हरकत घेतली होती. त्यांच्या हरकती तिने एकेक करून, शाळेतल्या आवाजात वाचल्या. माझ्या बोटांना मुंग्या आल्या, मग त्या ओसरल्या. अधूनमधून ती थांबून माझ्या मांडीकडे बघायची. हात जागेवर होते.

सर धावत आले. "काका, चला. पुढचे तुम्ही."

मी जेवणाच्या हॉलमधून न जाता बाहेरून वळसा घेऊन गेलो. सर म्हणाले, दोनदा हलक्या वजनाला हात लावून घ्या, अंग थंड झालंय. तेवढ्यासाठी एक रिकामा बार बाहेर ओट्यावर आणला होता. तो मी दोनदा उचलला, सावकाश. मग त्यांनी माझ्या तळहातांवर खडूची पूड चोळली. माझं नाव पुकारलं गेलं.

फळ्यांवर गेलो. समोर पंच, मागे भिंतीवर एका लग्नाची उरलेली झालर. एकशे वीस. खाली वाकलो, डावा तळहात पुढे आणि उजवा मागे करून बार धरला. बोटं वळली तेव्हा ती माझीच आहेत असं वाटलं. सकाळपासून तसं वाटलं नव्हतं. उभं राहायला लागलो. गुडघ्यांपर्यंत बार सरळ आला. गुडघ्यांच्या वर तो अडकला. तिथे तो किती वेळ होता, याबद्दल मतभेद आहेत. बायकोच्या मते बराच. जोडीदाराच्या मते "एक चा पिऊन झाला आसता." माझ्या उजव्या हाताची करंगळी उघडली. मग तिच्या शेजारचं बोट. बाकीची तीन राहिली. बार मांडीवरून किंचित घासत वर गेला, खांदे मागे आले आणि मी ताठ उभा होतो.

मुख्य पंचाने हात खाली केला आणि "डाउन" म्हणाला. मी बार खाली ठेवला. सोडला नाही, ठेवला. सोडला असता तर प्रयत्न रद्द झाला असता.

दिवे लागायला क्षणभर वेळ लागला. उजवीकडचा लाल होता. मांडीवर बार घासल्याबद्दल तो असल्याचं नंतर सरांनी सांगितलं. मधला पांढरा. डावीकडचा पांढरा. दोन पांढरे म्हणजे वैध.

सर ओरडले. बायकोने फोन खाली केला. ती चित्रीकरण करायला विसरली होती. जोडीदाराने टॉवेल काढला, फिरवायला हात वर नेला आणि माझ्याकडे बघून परत खांद्यावर टाकला. म्हणाला, "भाऊ, आता वाजवायचं आसंल तर वाजवा."

सटाण्याच्या व्यापाऱ्याने तिसऱ्या प्रयत्नाला एकशे पंचावन्न उचलले. नंतर माझ्यापाशी येऊन त्याने कानांतला कापूस काढला, हात मिळवला आणि विचारलं की टेम्पोत काय करत होतो. मी सांगितलं. पापडांचं काय झालं, असं त्याने विचारलं. ते अजून ठरलं नव्हतं.

संध्याकाळी निकालाची बातमी जिल्हा पानासाठी माझ्या टेबलावर आली. पन्नाशीवरील गटात माझं नाव दुसऱ्या क्रमांकावर होतं, पुढे एकशे वीस किलो. गटात दोनच स्पर्धक होते, हे बातमीत नव्हतं. मी ते घातलं आणि पान छपाईला सोडलं.